पांढरी पट्टी

धाकटी बहीण तीन दिवसांपासून बेपत्ता होती. तिचा फोन तलावाच्या काठावर सापडला. तो घेऊन थोरली दुरुस्तीच्या दुकानात आली.

"दुरुस्त नका करू. पाण्यात पडला होता का, एवढंच सांगा."

कारागिराने सिमचा ट्रे ओढून आत भिंग धरलं. तिथली इवलीशी पट्टी पाणी लागलं की लाल होते. ही दुधासारखी पांढरी होती.

"ताई, थेंबसुद्धा शिवलेला नाही."

थोरलीला रडूच फुटलं. "म्हणजे रुसून बसलीय कुठेतरी. सापडू दे, चांगली झोडपते." तिने तिथूनच आईला फोन लावला.

कारागीर अजून भिंगातून बघत होता. कोरड्याठाक फोनमध्ये पट्टीची एक कड गुलाबी झाली, मग लाली पसरतच गेली. त्याने गुपचूप ट्रे आत ढकलला.

"आई, अगं ती बुडलेली नाही!"

"बुडेल कशाला? मघाशीच आली, तुलाच फोन करत होते," आईचा आनंद दुकानभर ऐकू आला. "बोलत मात्र नाही गं काही. आणि किती पुसलं तरी अंगातून पाणी यायचं थांबतच नाहीये."