आणखी एक कागद

“जागेचा नकाशा नही से यामा,” सुकलाल म्हणाला आणि त्यानं कागद पुन्हा वरून खालपर्यंत पाहिला.

धनश्रीनं ड्रोनची पेटी बाकावर ठेवली. “आते नकाशाबी लागस का, काका?”

“नियम से, माय.”

सुरतेतल्या उधन्याच्या या बागेत ड्रोन उडवायला परवानगी लागते, एवढंच फाटकावरच्या पाटीवर होतं. पोलिसांचा दाखला, घरमालकाची संमती, दोन शेजाऱ्यांच्या सह्या हे सगळे नियम सुकलालच्या डोक्यातून निघालेले. पस्तीस वर्षं कापडाच्या लूमवर काढून तो इथं चौकीदार झाला होता आणि गुजराती अक्षर त्याला अजून ओ की ठो कळत नव्हतं. लूमवर कोण वाचायला सांगतंय! पण हे त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं. कागद हातात आला की तो चष्मा लावून ओठ हलवायचा आणि काहीतरी कमी काढायचा.

कारण कागद पुरे झाले की पोरगी एकदा ड्रोन उडवणार आणि पुन्हा या बाजूला फिरकणार नाही. बायको गेल्यापासून त्याच्याशी अहिराणीत बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. मुलगा वाल्मिक कामरेजला राहायचा, सणावारी फोन करायचा, तोही हिंदीत.

धनश्री पारोळ्याची. कापड बाजारात कॉम्प्युटरवर बसायची, एकटीच खोली घेऊन राहायची. कागद नाकारला म्हणून तिनं कधी हुज्जत घातली नाही. कागद त्याच्याकडे ठेवायची आणि डबा उघडायची. दोघं कळण्याची भाकर खायची आणि दिवे लागेपर्यंत गावाकडच्या गोष्टी चालायच्या. सुकलाल सोमवारपासूनच रविवारची वाट पाहायचा.

आज ती निघताना म्हणाली, “नकाशा लई येसू पुढला रविवारले.”

तिच्या चपलेचा अंगठा सेफ्टी पिननं जोडलेला त्याला दिसला. सात रविवार या उन्हात पोरीला हेलपाटे घालायला लावले, आणि कशासाठी, तर आपल्याला करमत नाही म्हणून. त्याला स्वतःची लाज वाटली.

“ऱ्हाऊ दे नकाशा,” तो म्हणाला. “बठ्ठा कागद पुरा झायात. पुढला रविवारले उडाव.”

धनश्रीनं ड्रोनची पेटी उचलली. “नक्की का, काका?” एवढंच विचारून ती गेली. तिचा विश्वास बसला नसावा, असं सुकलालला वाटलं.

सोमवारी बागेचे सुपरवायझर चेतनभाई फेरीला आले. सुकलालनं सातही कागद त्यांच्यापुढे ठेवले. खोटे नियम आपणच काढले, हे कबूल करायचं त्यानं रात्रीच ठरवलं होतं. नोकरी गेली तर जाऊ दे, पण रविवारी पोरीला कुणी अडवायला नको.

“साहेब, उस छोकरी को ड्रोन उडाना है. उसके कागज देख लो.”

चेतनभाई एकेक कागद उलटू लागले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“ये क्या है, काका? ये तो लाइटबिल है. ये पानी बंद रहने की नोटिस. ये किसी की शादी का कार्ड.”

सुकलालला उमगलं. म्हणजे आपल्याला वाचता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. पोरीनं आपल्याला चांगलंच बनवलं.

“मतलब उसने परमिशन ली ही नहीं?” त्यानं विचारलं.

“ली है ना,” चेतनभाई म्हणाले आणि गठ्ठ्याच्या तळातून पहिल्या रविवारचा कागद काढला. “ये रही. पूरे साल की.”