वाढीव वारं

चिमणाबाईनं दवाखान्यातल्या खोलीच्या दाराकडं एकदा बघून घेतलं आणि भिंतीवरची ऑक्सिजनची कळ फिरवली. काचेच्या नळीतली गोळी दोनच्या रेघेवरनं थेट सहावर उडाली. आता कसं! दोन म्हणजे काय वाढणं झालं? दारात आलेल्या अनोळखी माणसालाही कुणी एवढा हात आखडून वाढत नाही. आणि हा तर तिचा नवरा, आकाराम. गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळ घालून घालून धुरानं छाती खाल्लेला. सकाळपासनं त्याचं एकच चाललेलं, "वारं पुरंना गं." नर्स दानेश्वरीला सांगावं, तर ती हसून म्हणायची, "आज्जी, कळीला हात लावायचा न्हाय. त्यास्नी एवढंच पुरं."

कंजूष कुठली! वारं काय हिच्या माहेरचं हाय?

थोड्या वेळात आकाराम घोरायला लागला. गाल लालबुंद झाले. कित्येक महिने हा माणूस बसून रात्री काढत होता. आज कुठं त्याची पाठ अंथरुणाला टेकली होती. चिमणाबाईला अगदी भरून आलं. येऊ दे आता त्या नर्सला, बघू दे म्हणावं.

दानेश्वरी आली, बघितलं आणि धावलीच.

"बाबा! डोळं उघडा!" तिनं खांदा गदागदा हलवला, गालावर चापट्या मारल्या. आकाराम हूं की चूं करेना. तिनं गोळी खाली आणली, डॉक्टरांना हाक मारली. श्वास द्यायचं यंत्र आलं, तोंडाला घट्ट मास्क बसला.

"कळ कुणी फिरवली?" तिनं विचारलं. "ह्या आजारात जादा ऑक्सिजन सोसत न्हाय. श्वास मंदावतो, खराब हवा आतच साठून ऱ्हाती. ही झोप न्हवं, गुंगी हाय. ह्यातनं माणूस कधीकधी उठतच न्हाय."

चिमणाबाई चटकन कळीपासनं लांब सरकली. पोरगा जोतीराम नुकताच चहा घेऊन आला होता. तो तर पेटलाच.

"कुणी म्हंजे? तुमच्याबिगर कोण हात लावणार? माणूस मारायला बसलाय व्हय? थांबा, मोठ्या सायबास्नीच आणतो. नोकरी घालवतो का न्हाय बघा!"

दानेश्वरीचा चेहरा उतरला. पण आकारामचं मनगट तिनं सोडलं नाही. आणि चिमणाबाई? गप्प. परक्या पोरीवर आपल्यापायी बालंट येतंय, हे तिला कळत होतं. पण नवरा गेला तर पोरगा जन्मभर तोंड बघणार नाही, या भीतीनं तिची जीभ उचलेना.

दुपार कलली तेव्हा आकारामनं डोळे उघडले. दानेश्वरीनं मास्क जरा सरकवून त्याचे ओठ ओले केले. तेवढ्यात जोतीराम साहेबांना घेऊन पलंगाशी आला. "हीच ती बाई, सायेब. हिनंच कळ वाढवली."

आकारामची नजर पोरावरनं नर्सवर गेली, नर्सवरनं बायकोवर. ती नजर चुकवत होती. कळ फिरली तेव्हा तो जागाच होता. उभ्या जन्मात बायकोशी एक गोड शब्द न बोललेला माणूस, पण त्याला सगळं समजलं.

"मी..." त्याची छाती वरखाली झाली. "मीच... फिरवली... कळ."

जोतीरामचं नर्सवर रोखलेलं बोट खाली आलं. साहेब मान हलवून परत निघाले. मिटलंच होतं म्हणा सगळं. चिमणाबाई गप्प राहिली असती तरी कुणी विचारलं नसतं. पण एकेका शब्दापायी चाललेला त्याचा आटापिटा तिला बघवेना.

"मी फिरवली, सायेब. पोरीचा काय दोष न्हाय," ती मोठ्यानं म्हणाली. मग पुढं होऊन तिनं मास्क नवऱ्याच्या तोंडावर नीट बसवला आणि त्याला दटावलं, "आता गप पडा की! खोटं बोलायला दम लागतोय तुमास्नी."