तीन ठोके

"मी सांगतोय ते कुणालाच पटणार नाही," आजोबा म्हणाले, "पण ठोके दिले ते सीगलने. चांगला बोकडाएवढा होता. खिडकीच्या कडेवर बसला, आत वाकून बघितलं, आणि चोचीने पत्र्यावर ठक, ठक, ठक."

कॅरॅव्हॅनमधल्या घडीच्या टेबलाभोवती सगळे बसले होते. बाहेर लाल मातीचा रस्ता, आणि त्यावरून खाणीचे ट्रक धूळ उडवत चाललेले. आजी नुकतीच त्यातल्याच एका ट्रकमधून उतरली होती. पायांना अजून समुद्राची वाळू, गालांवर खाणीची लाली, हातात ओला टॉवेल, आणि तोंडातून अवाक्षर नाही. तिच्या बोलण्यापेक्षा तिचं न बोलणं आजोबांना जड जात होतं. म्हणून सीगल घटकेघटकेला मोठा होत चालला होता.

ही कॅरॅव्हॅन म्हणजे छोट्या ट्रकवर बांधलेली खोली. चालवणारा पुढे केबिनमध्ये, मध्ये पत्र्याची भिंत. मागे कोण चढलं, कोण राहिलं, त्याला काही दिसायचं नाही. म्हणून निघाल्या दिवशीच आजोबांनी ठोक्यांचं खातं आपल्याकडे घेतलं. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे मागे घे. तीन म्हणजे माणसं आत आली, चल. ही खाणीची भाषा. माणसं खाली-वर नेणाऱ्या पिंजऱ्याची घंटी देण्यात आजोबांची हयात गेली होती, आणि त्यांच्या घंटीवर माणसं डोळे मिटून उतरत. आता गुडघ्यांमुळे त्यांना ना गाडी चालवता यायची, ना पाण्याचे कॅन उचलता यायचे. ठोके तेवढे त्यांचे होते.

"आणि त्या सीगलला तीनच ठोके द्यायचे हे कुणी शिकवलं?" सूनबाईंनी चहा गाळता गाळता विचारलं.

"बंदरावरचा पक्षी तो. दिवसभर भोंगे ऐकतो. त्याला काय शिकवायचं?"

"मग तुम्ही लगेच एक ठोका द्यायचा ना, आबा," मुलगा म्हणाला. "मी थांबवली असती."

"देणारच होतो. पण त्याने माझी बाही धरून ठेवली."

नात फिसकन हसली. मुलगा हसला नाही.

खरं घडलं होतं ते इतकं साधं, की सांगायची लाज वाटावी. आजी समुद्रात पाय बुडवून यायला गेली होती. सूनबाई आणि नात पुढे केबिनमध्ये बसलेल्या. टॉवेल टांगायला या गाडीत साधा खिळा नाही, ही आजीची सकाळपासूनची कुरकुर. ती यायच्या आत काम उरकावं म्हणून आजोबांनी हातोडी शोधली आणि पत्र्याच्या भिंतीवरच्या लाकडी पट्टीत खिळा ठोकला. तिसऱ्या घावाला बसला. गाडी चालू लागली. आजोबांना वाटलं, आली असेल, न्हाणीच्या पडद्यामागे पाय धूत असेल. पडद्याशी ते बराच वेळ बोलले. खिळा किती सरळ बसलाय ते सांगितलं. उत्तर येईना, तेव्हा रुसली असेल म्हणून समजूतही काढली. समुद्र मागे पडला, डोंगर लाल झाले, आणि एका वळणावर पडदा आपोआप सरकला. मागे कुणी नव्हतं.

मग त्यांनी जो एक ठोका दिला, त्याने हातोडीचा दांडा निखळला. रस्ता अरुंद, वळायला जागा नाही. मुलगा पायीच मागे पळत सुटला, तर समोरून आजी ट्रकच्या उंच सीटवर बसून येताना दिसली. तेवढ्या वेळात मोडकी हातोडी गादीखाली गेली आणि सीगल जन्माला आला.

"आबा," मुलगा आवाज उतरवून म्हणाला, "पुढचा सगळा रस्ता खाणींमधूनच आहे. असं परत झालं तर? ठोके आता वकीलबाईला देऊ या."

वकीलबाई म्हणजे नात. प्रश्न विचारून माणसाला बेजार करायची म्हणून हे नाव आजोबांनीच ठेवलेलं.

सीगलला आणखी थोडा वाढवावा म्हणून आजोबांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"देऊ या की," ते म्हणाले. "तिचा हातही हलका आहे." आणि कपातल्या चहाकडे बघत बसले.

आजी उठली. टॉवेल कुठे टाकावा म्हणून भिंतीपाशी गेली आणि तिथेच थबकली. खिळ्याकडे बघितलं. बोटाने हलवून पाहिला. हलला नाही. मग टॉवेल त्यावर टांगला, चुण्या सारख्या केल्या, आणि भिंतीकडेच बघत म्हणाली, "ठोके मी दिले."

आजीने जन्मात थाप मारली नव्हती. नवऱ्याच्या ऐकल्या तेवढ्याच तिला पुरून उरल्या होत्या.

"तू दिलेस?" मुलाने विचारलं.

"मीच. म्हटलं, गाडी जरा सावलीत घ्यावी. ह्यांना कशाला बोलतोस?"

मुलाने आईकडे बघितलं, मग टॉवेलकडे. कान खाजवला. "असं होय," तो म्हणाला. "मग आबांचं काही चुकलं नाही." उरलेला चहा एका घोटात संपवून तो केबिनकडे निघाला. "सगळे बसलात की द्या ठोके, आबा."

आजोबांनी बोटं मुडपून पत्र्यावर टेकवली. सूनबाई आत, नात आत. आजीच्या दंडाला त्यांनी हात लावून पाहिला.

"आहे हो मी," ती म्हणाली.

वकीलबाईच्या कपाळाला मघापासून आठी होती.

"पण आजी, ठोके द्यायला तू आत होतीस, तर किनाऱ्यावर राहिलं कोण?"