उसावरची तबकडी

चॅनेलवाल्यांनी गणपतरावांच्या तोंडापुढं माईक धरला, तेव्हा केरबा दुधाचा कॅन हातात घेऊन गर्दीच्या मागं उभा होता.

"तबकडीच हुती," गणपतराव सांगत होते. "उसाच्या शेंड्यावरनं तरंगत आली. लाल-निळी. थांबली, वळली, आन् गेली. मोबाईलमधी हाय की सगळं."

केरबाच्या पोटात कळ आली. ती जुनीच कळ होती.

दिवाळी पाडव्याला कोडोली गावात म्हशींची मिरवणूक निघते. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची आणि दुचाकी गाडीच्या मागं म्हैस पळवत आणायची. ज्याची म्हैस सरस, त्याला देवळापुढं मानाचा फेटा. तो फेटा दरसाल गणपतरावांच्या डोक्यावर बसायचा, त्यांच्या राणी म्हशीच्या जिवावर. केरबाची चंदा दिसायला राणीपेक्षा कणभर कमी नव्हती. भरल्या बाजारात केरबानं हाक मारली की ती वाट काढत त्याच्यापाशी यायची. पण गाडीमागं पळायचं म्हटलं की पाय रोवून उभी राहायची, आणि केरबा हात चोळत घरी जायचा.

फेट्यानं पोट भरलं नाही म्हणून की काय, आता आभाळातली तबकडीही गणपतरावांनाच दिसली. कोल्हापुरातनं, इचलकरंजीतनं गाड्या भरून माणसं कोडोलीला येऊ लागली. तबकडी आज या रानावर, तर उद्या त्या. तिच्यामागं धावणाऱ्या पाहुण्यांनी लोकांचा उभा ऊस आडवा केला. गणपतरावांच्या घरी मात्र चहाचं आधण चुलीवरून उतरत नव्हतं.

"मी काय त्या तबकडीचं घोडं मारलंय?" केरबा घरी येऊन तणतणला. "मला दिसाय काय झालतं तिला?"

"जळून काय मिळतंय?" त्याची बायको तानाबाई पदर खोचून जुनी स्कूटी बाहेर काढत होती. "पाडवा येऊ द्या की."

"पाडव्याला तरी काय हुतंय? पुन्हा त्योच फेटा, त्येच डोस्कं. आन् तू आज परत चाललीस?"

"बचत गटाचा फराळ हाय. पोरीबाळींच्यानं काय हुतंय?"

"येळेत ये. त्या गाडीला दिवा न्हाय."

"बरं," तानाबाई म्हणाली आणि का कोण जाणे, हसली.

केरबा कॅन घेऊन डेअरीला गेला आणि रोजच्यासारखा पारावर बसून गणपतरावांच्या दारातल्या गाड्या बघत राहिला. जेवायच्या वेळेला परतला तर गोठ्यात चंदाचं अंग ओलं.

"आत्ताच धुतली," तानाबाई आतून म्हणाली.

चंदाचं दूधही हल्ली कमी झालं होतं. नजर लागली होती, दुसरं काय! आणि कुणाची, तेही केरबाला सांगावं लागत नव्हतं. त्यानं गोठ्याच्या दाराला लिंबू-मिरची बांधली.

मग एकदा डेअरीचं मशीन बंद पडलं आणि केरबा सांजेलाच कालव्याच्या वाटेनं घरी निघाला. उसाच्या पलीकडं, कालव्याच्या उंच भरावावर, तबकडी आली.

केरबा जागीच उभा राहिला. लोकांना ती तरंगताना दिसत होती. केरबाचा सगळा जन्म म्हशीत गेला होता, त्याला ती पळताना दिसली. खाली जवळ, वर फाकलेल्या अशा दोन वाकड्या रेघा. पावलागणिक वर-खाली.

ती शिंगं होती. शिंगांना लायटीच्या पट्ट्या गुंडाळून कुणीतरी भरावावर म्हैस पळवत होतं!

कुणीतरी कशाला? गणपतरावच. पाडव्याला नवा थाट करायचा, आणि तोवर लोकांना आभाळाकडं बघत ठेवायचं. वर मुलाखती! केरबाला इतका आनंद झाला, की तो कॅन वाटेतच ठेवून सरपंचांच्या घरी पळाला.

राजनंदिनी सरपंच ऊस तुडवल्याच्या तक्रारी ऐकून आधीच कावल्या होत्या. पंचही तिथंच बसले होते.

"नक्की म्हसच हाय?"

"म्हशीची शिंगं वळखत न्हाय व्हय मी?"

"मग शिक्षा काय करायची, केरबाभाऊ? तुमीच सांगा."

केरबाच्या तोंडात उत्तर तयार होतं. "ती म्हस जन्मात पुन्हा पाडव्याला उभी करायची न्हाय."

"लई हुतंय," एक पंच म्हणाला.

"लोकांचा ऊस गेला त्यो थोडा व्हय? शब्द द्या."

सरपंचांनी सगळ्यांकडं पाहिलं. "दिला शब्द. पण ही गोष्ट घरात कारभारणीलाबी सांगायची न्हाय. गावभर हुतंय."

केरबानं ती रात्र कशीबशी ढकलली. तानाबाईनं दोनदा विचारलं, "आज लई खुशीत?" त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सांजेला निम्मं गाव भरावाखाली दबा धरून बसलं. केरबा सगळ्यांत पुढं.

"काय गा चाललंय?" मागून कुणीतरी विचारलं. गणपतराव! पाहुण्यांना तबकडी दाखवायला आले होते. केरबा मनात हसला. पोराला कामाला लावलेलं दिसतंय, बेरकी कुठला.

तेवढ्यात लाल-निळे दिवे आले. मान वर, चाल एकसारखी, कुठं अडणं नाही की बिचकणं नाही. एवढ्या आनंदातही केरबाच्या काळजात कळ उठलीच. अशी पळणारी म्हैस देवानं आपल्याला का दिली नाही?

तो उठला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "थांब! घावलास आज!"

दिवे थांबले. मग वाट सोडून भराव उतरू लागले, सरळ त्याच्या आवाजाच्या रोखानं. लोकांनी बॅटऱ्या लावायच्या आत एक ओळखीचं ओलं नाक केरबाच्या खांद्यावर येऊन टेकलं.

वर भरावावर बिनदिव्याची स्कूटी येऊन थांबली. तिच्यावर तानाबाई होती.

"अवो," ती म्हणाली, "पाडव्यापातूर तुमास्नी कळू द्यायचं न्हवतं की."