वीतभर सूत

मधुकररावांनी पिवळ्या धाग्यांचं ताजं भेंडोळं सखूबाईच्या पुढ्यात टाकलं आणि उद्यापासून कामावर येऊ नकोस म्हणून सांगितलं.

उमरेड रोडवरच्या त्यांच्या रोपवाटिकेत संत्र्याची कलमं बांधायचं काम सखूबाईकडे होतं. ती विणकराघरची. घरच्या मागावर उरलेलं पिवळं सूत आणायची आणि त्यानंच कलमं बांधायची. चौऱ्याहत्तरच्या त्या श्रावणात चार हजार कलमं ट्रकनं विक्रीला निघायच्या बेतात होती, आणि कोपऱ्यातल्या वाफ्यात जिकडेतिकडे पिवळे धागे लोंबत होते. एवढी गबाळी बाई नको, असं मधुकररावांनी ठरवून टाकलं. इतवारीच्या बाजारात त्यांनी तीस वर्षं कापड विकलं होतं, रोपवाटिका घेऊन मात्र वर्षच झालं होतं. झाडं कळोत न कळोत, सूत आपल्याला कळतं याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

सखूबाईनं सांगून पाहिलं. ही अमरवेल आहे. हिला ना मूळ, ना पान. झाडाच्या सालीत तोंड खुपसून रस पिते आणि झाड वाळवते. तिच्या माहेरची अख्खी बोर हिनं खाल्ली होती. एक तुकडा जरी ट्रकमधून गेला, तरी काटोलपर्यंतच्या बागांचं वाटोळं होईल.

मधुकरराव हसले. चूक झाकायला बाईनं वेल शोधून काढली, म्हणाले.

ते हसणं सखूबाईला फार लागलं. तिनं भेंडोळ्यातला वीतभर धागा तोडला आणि कचेरीच्या ओट्यावरच्या एका कलमाला गुंडाळला.

"आठ दिवस याले हात लावू नका, मालक," ती म्हणाली. "मंग पाहा."

आणि ती निघून गेली.

आठव्या दिवशी दारात ट्रक लागला. कलमं चढू लागली. चहाचा कप घेऊन ओट्यावर आलेल्या मधुकररावांनी तो धागा झटकायला हात घातला. धागा निघेना. वीतभराचा हातभर झाला होता. नवे कोंब फुटून ते ओट्यालगतच्या, त्यांच्या बायकोच्या लाडक्या जास्वंदीवर चढले होते. ओढला तसा तुटला, पण सालीत रुतलेला भाग तिथंच राहिला.

कपातला चहा निवून गेला. मग मधुकररावांनी ट्रक रिकामा करवला आणि कोपऱ्यातला वाफा उपटून जाळायला लावला. पण बाकीच्या कलमांवरचं सूत कुठलं आणि वेल कुठली, हे सांगणार कोण? ते स्वतः सखूबाईच्या घरी गेले.

ती मागावर बसली होती. मधुकरराव दारातच उभे राहिले.

"चुकलो, सखूबाई," ते म्हणाले. "तुम्ही पाहिल्याशिवाय ट्रक हलणार नाही."

सखूबाईनं माग थांबवला. वीतभर पिवळा धागा कापून त्यांच्या हातावर ठेवला.

"हे माहं सूत, मालक. कापलं तेवढंच राहते."