चौथा बोल्ट

दाल-पकवानाचा पहिला तुकडा मोडतानाच संजीवनीबाईंचं रस्त्यापलीकडे लक्ष गेलं. त्यांच्या मोटारसायकलीपाशी एक माणूस उकिडवा बसला होता. तिशीचा असेल. हातात पाना होता आणि मागच्या चाकाशेजारची बॅग तो सोडवायला बघत होता.

“अहो, चोर!” त्या ताडकन उठल्या. “आपली बॅग!”

दौलतरावांनी मनगट धरून त्यांना परत टपरीच्या बाकावर बसवलं. “ओरडू नकोस. बघू दे जरा, निघते का.”

“निघते का? अहो, शालू आहे त्यात माझा!”

“म्हणूनच बघू दे,” असं म्हणून दौलतरावांनी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं.

शालू संजीवनीबाईंच्या लग्नातला. काठाची जर उसवली होती, ती आत्ताच उल्हासनगरच्या रफूवाल्याकडून सांधून घेतली होती. परवा त्यांची नात जिज्ञासा तोच नेसून बोहल्यावर चढणार होती. दुसरा कुठलाही नको म्हणून हटून बसली होती पोरगी. आणि इथे तिचे आजोबा चोराची मिनिटं मोजत होते.

बॅग दौलतरावांनी स्वतः बनवली होती. अंबरनाथच्या कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते ते, बाजारच्या वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. वरून रेक्झिन, आतून पत्रा, झाकणाला कुलूप, आणि चार बोल्टांनी ती गाडीला आवळलेली. संजीवनीबाई एका बाजूला पाय सोडून बसत, म्हणून बॅग फक्त उजवीकडे. महिनाभर खपले होते गॅलरीत. पण कौतुक कुणी केलं नाही. मुलगा विनीत म्हणाला, “बाबा, रेडिमेड मिळते हो.” सून हसली. आणि संजीवनीबाई म्हणाल्या, “मेला पत्रा तो, साडीला गंजाचे डाग पडतील.”

पलीकडचा माणूस घामाघूम झाला होता. एक बोल्ट तसाच टाकून दुसऱ्याला भिडायचा, की पुन्हा पहिल्याकडे. आता तर चाकाला पाय लावून जोर काढत होता.

“आठ मिनिटं झाली,” दौलतराव पकवान चावत म्हणाले. विनीत झाला तेव्हासुद्धा ते एवढे खूश दिसले नव्हते.

तेवढ्यात त्या माणसाने पाना आपटला, टायरला लाथ घातली आणि ओरडला, “किस येड्याने फिट केलंय रे हे!”

दौलतराव उठले. संजीवनीबाईंना वाटलं, आता धरणार याची गचांडी. त्याही पदर खोचून मागोमाग निघाल्या.

“काय झालं?” दौलतरावांनी विचारलं.

“जाम आहे अंकल. भावाची गाडी आहे आपल्या. बोल्ट हलतच नाय.”

“हलेल कसा? तू सोडवत नाहीयेस, आवळतोयस. उलटे आटे आहेत ते. सगळं जग डावीकडे फिरवून सोडवतं, हा उजवीकडे फिरवायचा.”

माणसाने पाना लावून उजवीकडे जोर दिला. बोल्ट कुरकुरला आणि सुटला.

“आयला!” त्याने कपाळावर हात मारला. “म्हणजे मी जेवढा दम लावत होतो, तेवढा हा टाइट! क्या डोकं लावलंय अंकल! चोराच्या बापाला नाय जमणार!”

दौलतरावांचे कान लाल झाले. हे ऐकायला ते कारखान्यात छत्तीस वर्षं थांबले होते आणि घरात अठ्ठेचाळीस. ते त्याच्या शेजारी फतकल मारून बसले. “आटे मी हाताने पाडलेत. हे बघ,” म्हणत त्यांनी उरलेले तिन्ही बोल्ट स्वतःच काढून दाखवले.

बॅग अलगद चोराच्या हातात आली.

चोराने बॅग छातीशी धरली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि एक पाय उचलला.

“आता बसवून दाखव,” दौलतराव म्हणाले. कारखान्यात नव्या पोरांना शिकवताना लावायचे तोच आवाज.

का कोण जाणे, तो खाली बसला. पहिला बोल्ट बसवला. दुसरा घातला.

“तिरका जातोय. काढ, परत घाल.”

त्याने काढला, परत घातला. तिसरा बसत आला तेव्हा मात्र संजीवनीबाईंना राहवलं नाही. कमरेच्या बटव्यातून त्यांनी किल्ली काढली, झाकण उघडलं आणि शालूची पिशवी उचलून पोटाशी धरली.

माणसाने किल्लीकडे पाहिलं. मग संजीवनीबाईंकडे. मग दौलतरावांकडे. त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. तो उठलाच.

“चौथा राहिला,” दौलतराव म्हणाले.

तो परत बसला. चौथा आवळला, बॅग हलवून बघितली, आणि पाना तिथेच टाकून जो पळाला तो फर्निचर बाजाराच्या गर्दीत दिसेनासा झाला.

“हात चांगला आहे त्याचा,” दौलतराव पाना उचलत म्हणाले. “दोन महिने माझ्याकडे असता तर! बरं, ठेव तो शालू आत.”

“ठेवते हो! आता तो गावभर शिकवेल कशी उघडायची ते.”

दौलतरावांनी पाना खिशात टाकला. त्यांनी गाडीला किक मारली.

अंबरनाथच्या रस्त्याला खड्ड्यांमागून खड्डे होते. शालू संजीवनीबाईंच्या मांडीवर होता आणि उजवीकडे रिकामी बॅग चार बोल्टांवर घट्ट बसली होती. बरंच अंतर गेल्यावर दौलतरावांनी मान किंचित मागे वळवली.

“वाजतेय का गं?”

संजीवनीबाईंनी एका हाताने शालू आवळला आणि वाकून बॅगेकडे नीट कान दिला.

“छे हो,” त्या म्हणाल्या. “जराही नाही.”