शेजारची रेघ

स्वयंपाकघरातल्या विजेचा वापर दाखवणाऱ्या पडद्यावर तुलनेसाठी दोन रेघा असायच्या. हिरवी आपल्या घराची, निळी शेजारच्या शिवणकाकूंची. नव्या नवरीला संसाराचा गंध नव्हता, म्हणून हिरवी कायम वर.

"अगं, पाणी तापलं की बटण बंद कर. इस्त्री एकदाच लाव आणि सगळे कपडे उरकून घे," काकू सांगायच्या. त्यांचं बघून बघून ती सगळं शिकली. शिवण तेवढी राहून गेली.

काकू गेल्या. घराला कुलूप लागलं, मीटरही काढून नेलं. त्यांचं विजेवरचं शिलाई मशीन मात्र हिच्याकडे आलं.

निळी रेघ राहिलीच. हिने पंखा लावला की ती चढायची, बंद केला की उतरायची.

"बिघाड असेल, तक्रार कर," नवरा म्हणाला. हिला करवेना. तेवढीच सोबत.

आज दुपारी मात्र हिने काही लावायच्या आधीच निळी रेघ चढली.

"आले हो काकू," ती सवयीने म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. कधीच न जमलेला दोरा तिने काकूंसारखा ओठांत ओला करून पहिल्याच खेपेला ओवला. शिवण सरळ धावू लागली.

दारातून स्वयंपाकघरातला विजेचा पडदा दिसत होता. त्यावर रेघ एकच उरली होती, निळी.